रंगविलेल्या चेहऱ्यांची वाटणी

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २ डिसेंबर २०२३ रोजी ‘किस’ या हार्ड रॉक बँडने आपला अखेरचा म्हणून जाहीर केलेला प्रयोग केला, आणि व्हँकुव्हरला ३१ जानेवारी २०१९ रोजी सुरू होऊन महामारीमुळे मध्येच खंडित झालेला, पुन्हा सांधला गेलेला व मुदतीमागून मुदत वाढत गेलेला त्यांचा निरोपाचा दौरा एकदाचा समाप्त झाला. त्या आठवड्यात शहराने या चौघांच्या सरबराईत कसूर केली नव्हती. टॅक्सींवर आणि भुयारी रेल्वेच्या प्रवासपत्रांवरही त्यांचे रंगविलेले चेहरे झळकत होते. परंतु शेवटचे गाणे आटोपले, धूर ओसरला, आणि नुकत्याच आत गेलेल्या त्या चौघांच्याच संगणकाने घडविलेल्या प्रतिमा पडद्यावर अवतरून वाजवू-गाऊ लागल्या, तेव्हा डोळे पुसत निघालेल्या पुष्कळांना आपण निरोप दिला तो नेमका कोणाला, असा प्रश्न पडला; आणि या बँडच्या कीर्तीवर खरा हक्क कोणाचा, हा वीस-बावीस वर्षे घरातल्या घरात धुमसणारा तंटा उघड्यावर आला.

तंटा चाहत्या-चाहत्यांतला आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. समीक्षकांनी ‘किस’चा निकाल सत्तरीच्या दशकातच लावून टाकला होता: पांढरा रंग, उंच टाचांचे बूट, तोंडातून रक्त आणि आग, आणि या सर्वांखाली दडविलेले सामान्य कुवतीचे संगीत. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने त्यांना प्रथम मुखपृष्ठावर घेतले ते २०१४ मध्ये, म्हणजे बँडला चाळीस वर्षे उलटून गेल्यावर. त्या उपेक्षेविषयी चाहत्यांमध्ये दुमत नाही. दुमत आहे ते घरच्या मिळकतीविषयी. एक पक्ष म्हणतो की ‘किस’ म्हणजे जीन सिमन्स, पॉल स्टॅन्ली, एस फ्रेली आणि पीटर क्रिस हे चौघे, आणि त्यांच्यातला एकही वजा झाला की उरते ते नुसते नाव. दुसऱ्या पक्षाच्या मते बँड ही चार माणसांहून मोठी वस्तू आहे. माणसे येतात-जातात, गाणी आणि सोहळा टिकला म्हणजे झाले. या दोहोंच्या मध्ये एक तरुण पिढी आहे, जिने आयुष्यातला पहिला प्रयोग पाहिला तेव्हा फ्रेलीला बँड सोडून काही वर्षे लोटली होती, आणि जिच्या लेखी चंदेरी डोळ्यांचा अवकाशपुरुष म्हणजे फ्रेलीच्या जागी आलेला टॉमी थेअरच. ही पिढी या वादात फारसे बोलत नाही, कारण बोलू लागली की वडीलधारी मंडळी तिला सन १९७७ मध्ये कुठे होतीस असे विचारतात.

मिळकत निर्माण कशी झाली हे पाहिल्यावाचून मालकीचा निवाडा करता येत नाही. सिमन्स हा हैफा येथे जन्मलेला, नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आईचा एकुलता मुलगा. त्याने काही काळ हार्लेममधील शाळेत मुलांना शिकविले होते. स्टॅन्ली जन्मतः एका कानाने बहिरा आणि त्या कानाच्या व्यंगामुळे बालपणी चेष्टेचा विषय झालेला. पोटासाठी टॅक्सी चालवीत असता एल्व्हिस प्रेस्लीच्या कार्यक्रमाला निघालेले उतारू आपण मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दारात सोडले आणि एक दिवस लोक येथे आपल्यासाठी येतील असे मनाशी ठरविले, ही कथा त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. क्रिस हा ब्रुकलिनचा, वयाने सर्वांत थोर ड्रमवादक. फ्रेली ब्रॉन्क्सचा, गिटार स्वतःच शिकलेला, आणि हाताने चित्रे काढणारा. बँडच्या नावातील ती विजेच्या लोळासारखी अक्षरे त्याच्याच पेन्सिलीतून उतरली, जी पुढे जर्मनीत नाझी चिन्हाशी असलेल्या साम्यामुळे बदलावी लागली. ज्या बँडचे दोन धुरीण ज्यू आहेत त्याच्यावर हा प्रसंग यावा, हा दैवाचा एक विक्षिप्त विनोदच होय. ३० जानेवारी १९७३ रोजी क्वीन्स भागातील एका लहानशा क्लबात त्यांचा पहिला प्रयोग झाला, आणि त्यानंतर लवकरच चौघांनी आरशापुढे बसून आपापला चेहरा रंगविला. दैत्य, ताऱ्याचे बालक, अवकाशपुरुष आणि मार्जार ही चार रूपे कोणा वेषकाराने नेमून दिलेली नव्हती. ज्याच्या त्याच्या स्वभावातून व लहानपणीच्या छंदातून ती निघाली. पहिल्या पक्षाच्या कैफियतीत हा मुद्दा अव्वल मानला जातो, आणि माझ्या मते तो तसा मानलाही पाहिजे.

१९७४ च्या फेब्रुवारीत पहिली तबकडी निघाली, त्याच वर्षी दुसरी, पुढल्या वसंतात तिसरी. तिन्हींची विक्री बेताची. नील बोगार्टची कॅसाब्लँका ही प्रकाशन कंपनी कर्जात बुडत चालली होती. मात्र प्रयोगांना गर्दी होत होती. ३१ डिसेंबर १९७३ च्या रात्री अकॅडमी ऑफ म्युझिकच्या रंगमंचावर सिमन्सने तोंडातून आगीचा लोळ काढण्याचा पहिला प्रयत्न केला आणि स्वतःचेच केस पेटवून घेतले. लोकांनी तेही प्रयोगाचा भाग समजून टाळ्या दिल्या असल्या तर नवल नाही. हे जे प्रत्यक्षात घडते ते तबकडीत उतरत नाही, अशी सर्वांचीच तक्रार होती. तेव्हा एडी क्रेमर या ध्वनिमुद्रकाला हाताशी धरून प्रत्यक्ष प्रयोगांचीच दुहेरी तबकडी काढण्याचे ठरले, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये ‘अलाइव्ह!’ बाजारात आली. तिने कंपनी तारली आणि बँडही तारला. त्या तबकडीतील पुष्कळसे सूर मागाहून स्टुडिओत दुरुस्त करून घेतले होते, हे पुढे संबंधितांनीच कबूल केले आहे. कोणी म्हणतो थोडे, कोणी म्हणतो जवळजवळ सगळे. शुद्धतेच्या नावाने आज कंठशोष करणाऱ्या चाहत्यांनी ज्या तबकडीला आपले मूळपीठ मानले तीच अशी सजविलेली असावी, यात मला विसंगती दिसत नाही. प्रयोगाची स्मृती आणि प्रयोग या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि ‘अलाइव्ह!’ने स्मृती अचूक टिपली.

त्या वर्षीचा एक प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. मिशिगन राज्यात कॅडिलॅक नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शाळेचा फुटबॉल संघ १९७४ च्या हंगामात पहिले दोन सामने हरला, तेव्हा एका साहाय्यक प्रशिक्षकाने मुलांची मने मोकळी व्हावीत म्हणून कपडे बदलण्याच्या खोलीत ‘किस’ची गाणी लावण्यास आरंभ केला, आणि संघ पुढे जिंकतच गेला. ही वार्ता बँडच्या कानावर घालण्यात आली. १९७५ च्या ऑक्टोबरात ते चौघे खरोखरच त्या गावी गेले. शाळेच्या व्यायामशाळेत वाजविले. खेळाडूंच्या पंक्तीत उभे राहिले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या प्रतिष्ठितांनी त्यांच्यासोबत न्याहारी केली ती चेहरे पांढऱ्या-काळ्या रंगाने माखून. कोट घातलेले, गळ्यात टाय बांधलेले, एरवी परवाने आणि कर यांची कागदपत्रे चाळणारे ते मध्यमवयीन गृहस्थ छायाचित्रांत अशा गंभीरपणे बसलेले दिसतात की आपणच या गोष्टीचा शोध लावला असे त्यांना वाटत असावे. न्याहारी आटोपल्यावर मैदानात हेलिकॉप्टर उतरले आणि पाहुणे आकाशमार्गे अंतर्धान पावले. ‘किस’च्या कीर्तीचे मर्म मला एखाद्या सोन्याच्या तबकडीपेक्षा या न्याहारीत अधिक दिसते: हा रंग कोणालाही फासता येत होता, आणि फासल्यावर सकाळपुरता का होईना, माणूस दुसरा कोणी होत होता.

याच सुमारास इंडियाना राज्यातील टेरे हॉट गावच्या दोन तरुणांनी स्थानिक रेडिओ केंद्राला ‘किस’ची गाणी वाजविण्यासाठी पत्रे आणि दूरध्वनी यांनी भंडावून सोडले, आपल्याला ‘किस आर्मी’ म्हणवून केंद्राला वेढा घालण्याची धमकी दिली, आणि पाहता पाहता बँडच्या व्यवस्थापनाने ते नाव उचलून अधिकृत चाहतामंडळ स्थापन केले. उत्स्फूर्त भक्ती आणि वर्गणीची पावती यांच्यामध्ये येथे फारसे अंतर राहिले नाही. पुढे बाहुल्या आल्या, जेवणाचे डबे आले, पिनबॉलची यंत्रे आली. १९७७ मध्ये मार्व्हल कंपनीने त्यांच्यावर चित्रकथा काढली, तेव्हा चौघांचे रक्त काढून ते बफेलोजवळच्या शाईच्या कारखान्यात लाल शाईच्या पिंपात ओतण्यात आले, आणि त्याची रीतसर नोटरीसमक्ष नोंद करण्यात आली. २००१ मध्ये तर त्यांच्या नावाची शवपेटिकाही विक्रीस आली. बँड पुढे पैशाच्या नादी लागून बिघडला, असे जे वारंवार म्हटले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही. नोटरीच्या शिक्क्याचे रक्त ज्यांनी तरुणपणी खुशीने विकत घेतले त्यांनी उतारवयात बाजाराविषयी तिटकारा दाखवावा, यात थोडी सोयीची विस्मृती आहे. ‘किस’ पहिल्या दिवसापासून पेढी होती. प्रश्न आहे तो पेढीने काय विकले आणि काय विकायला नको होते, एवढाच.

संगीताविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण वादाच्या गदारोळात ते मागेच पडते. १९७६ ची ‘डिस्ट्रॉयर’ ही तबकडी बॉब एझरिन या निर्मात्याने घडविली. गळ्यात शिट्टी अडकवून, शाळकरी पोरांना शिकवावे तसे या तारांकितांना संगीताचे मूलभूत पाठ त्याने दिले, आणि तिच्यातले क्रिसने गायिलेले ‘बेथ’ हे हळुवार गीत अमेरिकेतील विक्रीच्या यादीत सातव्या स्थानापर्यंत गेले. त्यांची पद्यरचना बहुधा उथळ आहे, स्त्रियांविषयीची तर अनेक ठिकाणी हीनरुचीची आहे, आणि हे कबूल करण्यात भक्तांनीही संकोच करू नये. परंतु फ्रेलीचे गिटारवादन ही गोष्ट वेगळी आहे. त्याचे एकल वादनाचे तुकडे लहान, गुणगुणता येण्याजोगे, चालीत बसणारे. त्यांत वेगाचे प्रदर्शन नाही, थोडा आळस आहे, थोडी लहर आहे. १९७६ च्या डिसेंबरात फ्लॉरिडातील लेकलंड येथे जिन्याच्या कठड्याला हात लागून त्याला विजेचा जबर धक्का बसला आणि तो मरता मरता वाचला. त्यातून त्याने गाणे रचले आणि ते प्रथमच स्वतः गायिले. १९७८ च्या १८ सप्टेंबरला चौघांच्या चार स्वतंत्र तबकड्या एकाच दिवशी प्रसिद्ध झाल्या, लक्षावधी प्रती दुकानांत रवाना झाल्या आणि त्यांतील पुष्कळ परतही आल्या. त्या चौघांत रसिकांच्या पसंतीस सर्वाधिक उतरली ती ज्याला बँडमध्ये सर्वांत बेजबाबदार समजले जाई त्या फ्रेलीची. त्याचे तुकडे तेरा-चौदा वर्षांच्या पोराला घरी बसून शिकता येत. हजारोंनी ते शिकले, आणि त्या हजारोंतून काही जण मोठे वादक झाले. टॉम मोरेलो, डाइमबॅग डॅरेल ही त्यांतली काही नावे. डाइमबॅगला तर २००४ मध्ये पुरले ते त्या कुप्रसिद्ध शवपेटिकेतच.

आता मूळ तंट्याकडे वळू. क्रिस १९८० मध्ये बाहेर पडला आणि त्याच्या जागी एरिक कार आला. कारला मार्जाराचा रंग दिला गेला नाही. त्याच्यासाठी कोल्ह्याचे नवे रूप सिद्ध करण्यात आले. १९८२ मध्ये फ्रेली गेला. विनी व्हिन्सेंटच्या कपाळावर प्राचीन मिसरी चिन्ह रेखाटले गेले. बँडच्या वहिवाटीत त्या वेळी एक अलिखित नियम होता, की येणाऱ्याने आपला चेहरा आपण आणावा. १८ सप्टेंबर १९८३ रोजी तर सर्वांनीच रंग पुसून दूरदर्शन वाहिनीवर उघडे तोंड दाखविले, आणि पुढील बारा-तेरा वर्षे ब्रूस क्यूलिकसारख्या कसलेल्या गिटारवादकाच्या साथीने बँड रंगाविना चालला. कारचे १९९१ च्या नोव्हेंबरात कर्करोगाने निधन झाले. त्याला आजही चाहते हळवे होऊन आठवतात, आणि तो मूळ चौघांपैकी नव्हता म्हणून त्याला कोणी उपरा लेखीत नाही. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चाहत्यांना नवा माणूस खपत नाही हा आरोप इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही; नवा माणूस नव्या रूपात आला तेव्हा त्यांनी तो खपवून तर घेतलाच, पुढे मायेने आपलाही केला.

१९९६ मध्ये मूळ चौघे पुन्हा एकत्र आले, रंग पुन्हा चढला, आणि डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियमपासून सुरू झालेल्या त्या दौऱ्याने त्या वर्षी अमेरिकेतील सर्वाधिक उत्पन्नाचा मान मिळविला. १९९८ ची ‘सायको सर्कस’ ही पुनर्मीलनाची तबकडी म्हणून विकली गेली खरी, पण तिच्यातील बहुतेक गाण्यांत फ्रेली आणि क्रिस यांचे वादन नव्हते. २००० मध्ये ‘निरोपाचा दौरा’ या नावानेच एक दौरा निघाला. निरोप घेऊन झाल्यावरही दुकान बंद न करणाऱ्यांची जगात उणीव नाही, तेव्हा त्याबद्दल मी त्यांना विशेष दोष देणार नाही. खरी घटना घडली ती दौऱ्याच्या उत्तरार्धात. मानधनावरून क्रिस निघून गेला, आणि २००१ च्या जपान व ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत एरिक सिंगर ड्रमपाशी बसला तो मार्जाराचा रंग लावून. फ्रेली २००२ मध्ये गेला आणि त्याच्या चंदेरी डोळ्यांमागून टॉमी थेअर पाहू लागला. क्रिस मध्यंतरी परतला, २००४ मध्ये पुन्हा गेला, आणि मार्जार पुन्हा सिंगरकडे आला. ही रूपे आमच्या मालकीची आहेत, आम्ही ती रीतसर घेतली आहेत, अशी सिमन्स-स्टॅन्ली यांची भूमिका होती; फ्रेलीने आपल्या बाजूने वेळोवेळी नाराजी बोलून दाखविली. कायद्याच्या दृष्टीने कोणाचे दस्तऐवज सरस हे वकिलांनी ठरवावे. चाहत्यांचा प्रश्न दस्तऐवजांचा नव्हताच.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. आपल्या संगीत रंगभूमीवर ‘सौभद्रा’तील सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी गाजविली, १९०१ मध्ये भाऊराव निवर्तले तेव्हा रसिकांनी किर्लोस्कर मंडळीचे आता कसे होणार म्हणून उसासे टाकले, आणि पाच वर्षे होतात न होतात तोच नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व नावाच्या मुलाने त्याच मंडळीत येऊन त्या भूमिकांना असा नवा अवतार दिला की जुन्या मंडळींच्या तुलना क्रमाक्रमाने मावळल्या. भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाते, जावीच लागते, हे आम्हांला नवे नाही. पण बालगंधर्वांनी भाऊरावांची नक्कल केली नाही. तशी केली असती तर ते गंधर्व न होता भाऊरावांचे स्मरण करून देणारे एक चांगले नट राहिले असते. थेअरकडे नेमके दुसऱ्या प्रकारचे काम सोपविले गेले: फ्रेलीचा रंग, फ्रेलीचा पोशाख, फ्रेलीची धुराची गिटार, आणि स्वरास स्वर लावून फ्रेलीचेच तुकडे. वारसाला मिळकत मिळाली, पण तिच्यात एक भिंतही आपल्या मर्जीने उभारण्याची मुभा मिळाली नाही.

थेअरवर या प्रकरणात फार अन्याय झाला असे माझे मत आहे. तो पूर्वी ‘किस’चीच गाणी वाजविणाऱ्या एका बँडमध्ये अवकाशपुरुष होत असे, पुढे मूळ बँडच्या कचेरीत पडेल ते काम करू लागला, आणि १९९६ च्या पुनर्मीलनापूर्वी फ्रेली व क्रिस यांना त्यांचेच जुने तुकडे पुन्हा घोटून देण्याची कामगिरी त्यानेच पार पाडली. ज्याने मूळ पुरुषाला त्याचीच विद्या परत शिकविली त्याला पुढे वीस वर्षे नकली म्हणून हिणवून घ्यावे लागले. तो वक्तशीर, संयमी, चुका न करणारा वादक होता. सिंगर तर अनेक जाणकारांच्या मते त्या बँडच्या इतिहासातील सर्वांत तयारीचा ड्रमवादक ठरावा. २००९ ची ‘सॉनिक बूम’ आणि २०१२ ची ‘मॉन्स्टर’ या तबकड्या या दोघांच्या साथीने झाल्या, आणि त्या ऐकण्याजोग्या आहेत. दुसऱ्या पक्षाचा हा पुरावा नाकारता येत नाही, की या दोघांवाचून शेवटचा वीस वर्षांचा काळ घडलाच नसता, आणि जे लाखो लोक त्या काळात नाट्यगृहांतून तृप्त होऊन घरी गेले त्यांची तृप्ती खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. दोष मालकांचा. त्यांच्यापाशी कारच्या कोल्ह्याचा दाखला होता, आणि तरीही त्यांनी थेअरला स्वतःचा चेहरा दिला नाही, कारण विक्री चार ठरावीक चेहऱ्यांची होत होती.

२०१४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हा हाच तंटा संस्थेच्या दारात जाऊन पोहोचला. पात्र ठरूनही पंधरा वर्षे ताटकळविल्यानंतर संस्थेने मूळ चौघांनाच सन्मानित करावयाचे ठरविले. कार, क्यूलिक, थेअर, सिंगर यांची दखल घेतली नाही. मंचावर वाजवायचे कोणी, यावरून एकमत न झाल्यामुळे ब्रुकलिनमधील त्या समारंभात बँड वाजलाच नाही. मोरेलोने गौरवपर भाषण केले, चौघांनी आभार मानले, आणि ते खाली उतरले. येथे मात्र दोन्ही पक्ष चुकले. संस्थेने चाळीस वर्षांचा इतिहास चार माणसांवर आणून ठेवला, आणि बँडने एका रात्रीपुरता मोठेपणा दाखवून मूळ चौघांनी तीन गाणी वाजविण्याची संधी वाया दवडली. तशी संधी पुढे आली नाही.

शेवटच्या दौऱ्यात आणखी एक तक्रार उद्भवली, ती स्टॅन्लीच्या कंठाची. सत्तरीला टेकलेल्या गायकाचा आवाज तारुण्यातला राहत नाही, हे सर्वांना समजते. पण निरनिराळ्या गावच्या प्रयोगांची ध्वनिचित्रणे शेजारी शेजारी ठेवून कान लावणाऱ्या चाहत्यांनी दाखवून दिले की काही ठिकाणी श्वास, उसासे आणि हेलसुद्धा तंतोतंत जुळतात. व्यवस्थापकाने तो प्रत्येक गाणे गातोच, फक्त आवाजाला जोड दिली जाते, अशा अर्थाचा खुलासा केला. या बाबतीत कोणाची गय करावी असे मला वाटत नाही, कारण मुद्रित स्वरांवर ओठ हलविणाऱ्यांचा सर्वांत कडक उपहास पूर्वी खुद्द सिमन्सनेच केला होता. खर्जात, थकून, सूर चुकवून गायिलेले गाणे निरोपाला शोभले असते. प्रेक्षक ते क्षमा करून नव्हे, जपून घरी घेऊन गेले असते.

एवढे पाहिल्यावर त्या रात्री पडद्यावर आलेल्या प्रतिमांचे आश्चर्य उरत नाही. लंडनमध्ये २०२२ पासून ‘अॅबा’च्या प्रतिमांचा खेळ चालविणाऱ्या पॉपहाउस या स्वीडिश कंपनीशी करार झाला, अंगाला संवेदक चिकटविलेले पोशाख घालून चौघांनी आपल्या हालचाली नोंदवून दिल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये गाणी, नाव आणि रंगविलेल्या चेहऱ्यांसकट सर्व हक्क त्या कंपनीने विकत घेतल्याचे जाहीर झाले, वृत्तपत्रांनी किंमत तीस कोटी डॉलरांवर सांगितली. ज्या दिवशी मार्जाराचा रंग पहिल्याने दुसऱ्या चेहऱ्यावर चढला त्याच दिवशी या व्यवहाराचा पहिला हप्ता पडला होता. माणूस बदलला तरी चेहरा तोच राहील, हे एकदा मान्य केल्यावर माणूसच नसला तरी चालेल, येथपर्यंत येण्यास फक्त यंत्रसामग्रीची वाट पाहावी लागते. स्टॅन्ली आणि सिमन्स दोघेही आपल्यावाचून ‘किस’ पुढे चालू शकेल असे अनेक वर्षे सांगत आले होते. त्या बोलण्याला लोक फुशारकी समजत होते, पण तो व्यापारी मनुष्याचा साधा हिशेब होता.

मग वारसा कोणता? प्रतिमांचा खेळ उद्या गर्दी खेचील किंवा न खेचील. तो वारसा नव्हे, ती उर्वरित वसुली. १९९४ मध्ये ‘किस’च्या गाण्यांची जी गौरवपर तबकडी निघाली तिच्यात लोकगीतांच्या वळणाचा गार्थ ब्रुक्स आहे, लेनी क्रॅव्हिट्झसोबत स्टीव्ही वंडर आहे, आणि अँथ्रॅक्ससारखे कर्कश बँडही आहेत, मेल्व्हिन्स या बँडच्या तिघांनी तर १९९२ मध्ये त्या चार स्वतंत्र तबकड्यांच्या मुखपृष्ठांची अर्धी थट्टेने, अर्धी प्रेमाने नक्कल करून आपापल्या लहान तबकड्या काढल्या. यांतल्या कोणीही पांढरा रंग फासून नाव कमावले नाही. त्यांनी ‘किस’कडून घेतली ती एक परवानगी: संगीत फारसे येत नसताही मोठ्याने आरंभ करण्याची, आणि आरंभ केल्यावर शिकत जाण्याची. ती परवानगी कोणत्याही खरेदीखतात मोडत नाही.

१६ ऑक्टोबर २०२५ रोजी चौऱ्याहत्तर वर्षांचा फ्रेली वारला, आणि पहिल्या पक्षाची चौघे पुन्हा एकदा, ही शेवटची आशा संपली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ७ डिसेंबरला, वॉशिंग्टनमध्ये केनेडी सेंटरचा राष्ट्रीय सन्मान झाला, आणि तोही मूळ चौघांच्याच नावाने. या दोहोंच्या मध्ये, नोव्हेंबरात, लास व्हेगासला चाहत्यांच्या मेळाव्यात स्टॅन्ली आणि सिमन्स पुन्हा मंचावर आले, आणि आले ते रंगाविना. सोबत थेअर होता, तोही स्वतःच्या चेहऱ्याने. दौरा संपला असे सांगून दोन वर्षेही झाली नव्हती. निवृत्ती फक्त रंगाची होती की माणसांची, आणि रंग न लावता वाजविलेला प्रयोग जाहीर केलेल्या निरोपाचा भंग धरावा की न धरावा, याविषयी चाहत्यांत आता नवे दोन तट पडले आहेत.